करामजा बेटावरचे २६ लॉबस्टर

२००६ मध्ये मी अकरावीत होते. टिळक रोडवरचा क्लास सुटला की पेरूगेटाजवळच्या सायबर कॅफेत शिरायचं, काकांच्या वहीत वेळ लिहायची आणि तासाला १५ रुपये देऊन ‘रूनस्केप’ खेळायचं, म्हणजे जगभरची माणसं एकत्र खेळतात असा ऑनलाइन गेम. हाच गेम, कारण तो ब्राउझरमध्येच चालायचा. काका काही इन्स्टॉल करू देत नसत.

माझा धंदा मासेमारीचा. गेममधल्या पोर्ट सारिम बंदरातून ३० नाणी देऊन बोटीनं करामजा बेटावर जायचं आणि लॉबस्टर पकडायचे. सामानाला २८ खण. एक पिंजऱ्याला, एक नाण्यांना, उरले २६. सामान ठेवायची बँक तिथं जवळ नव्हती, त्यामुळे २६ भरले की पुन्हा बोट आणि पुढे ड्रेनॉरच्या बँकेपर्यंत चालत. पिंजरा टाकल्यावर मात्र हाताला काहीच काम नसे. शेजारी दहाबारा अनोळखी माणसं तशीच उभी असायची. मग बोलणं निघायचंच. फिनलंडचा एक मुलगा त्याच्या गावच्या बर्फाबद्दल सांगायचा. आमच्याकडे गुरुवारी वीज जाते, याचं त्याला फार नवल वाटायचं. मी गुरुवारी का येत नाही, हे त्यानं आपणहून विचारलं होतं. माझी वाट पाहणारं पुण्याबाहेरचं ते पहिलं माणूस.

माल विकायचा गेममधल्याच व्हॅरॉक शहरात, पश्चिम बँकेसमोर. ओरडायचं, म्हणजे टाइप करत राहायचं, आणि घासाघीस करायची. तुळशीबागेत आईच्या मागे उभं राहून शिकलेली युक्ती, भाव पटला नाही की पाठ फिरवून चालू पडायचं, तिथंही लागू पडायची. गिऱ्हाईक हाक मारून परत बोलवायचं.

नोव्हेंबर २००७ मध्ये गेममध्ये ‘ग्रँड एक्स्चेंज’ आलं. माल ठेवा, भाव लिहा, विकला गेला की पैसे घ्या. मला तेव्हा आनंदच झाला. पण त्यानंतर मी व्हॅरॉकमध्ये कुणाशी बोलल्याचं आठवत नाही.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या दुसऱ्या ऑनलाइन गेममध्येही डिसेंबर २००९ मध्ये अशीच सोय आली. आधी गुहेत उतरायला पाच जण स्वतः जमवावे लागत आणि वाईट वागणारा सर्व्हरभर बदनाम व्हायचा. मग यंत्रच पाच जण जमवून द्यायला लागलं. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेमचे १ कोटी २० लाख वर्गणीदार होते. पुढे ते घटत गेले.

ही एकच गोष्ट कारणीभूत आहे असं मी म्हणणार नाही. खेळणारी पोरं नोकरीला लागली, मोबाइलवर अर्ध्या तासात संपणारे सामने आले, गप्पा व्हॉट्सॲप आणि डिस्कॉर्डवर गेल्या. पण ‘ग्राफिक्स जुने झाले’ हे मला पटत नाही. आमचे लॉबस्टर तेव्हाही ठोकळ्यासारखेच दिसायचे. हे गेम अनोळखी माणसाच्या गरजेवर उभे होते. ती गरज एकेक सोय करत काढून टाकली गेली, आणि आम्हाला ती काढून हवी होती. २०१३ मध्ये रूनस्केपची २००७ सालची आवृत्ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिच्यात ग्रँड एक्स्चेंज नव्हतं. २०१५ मध्ये खेळाडूंनीच मतदान करून ते परत आणलं. मी तेव्हा खेळत असते, तर माझंही मत तिकडेच पडलं असतं. दिवसभर ऑफिस करून आल्यावर बँकेसमोर तासभर ओरडायची ताकद कुणाला आहे?

या दिवाळीत भाचा चिंचवडहून राहायला आला होता. तेरा वर्षांचा आहे. त्याच्या मोबाइलवर मी ती जुनी आवृत्ती घेऊन दिली आणि कौतुकानं मासेमारीला बसवलं. त्यानं जाळं टाकलं, दोन मिनिटं पाहिलं.

“मावशी, आता काय करायचं?”

“थांबायचं. शेजारी उभा आहे ना, त्याच्याशी बोल.”

“पण मी त्याला ओळखत नाही.”

“मीही नव्हते ओळखत कुणाला.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्याला ‘हाय’ लिहिलं. आम्ही दोघं वाट पाहत बसलो. शेजारचा मासे पकडत राहिला. बहुधा त्याचं लक्ष दुसऱ्याच खिडकीत होतं.