शेवटच्या कडव्यातलं नाव

अमळनेरात माझं रेकॉर्डिंगचं छोटं दुकान आहे. जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून देणं हे त्यातलं मोठं काम. लोक गेलेल्या आजोबांचं कीर्तन आणतात, बहिणीच्या लग्नातली मंगलाष्टकं आणतात. आबा आले ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, भर उन्हाचे. सोबत कॉलेजात शिकणारी नात होती आणि तिच्या हातात खताच्या गोणीची शिवलेली पिशवी. तिनं ती टेबलावर उपडी केली. दोन डबल कॅसेट, बाकी साध्या, एकीचंही कव्हर धड नाही.

"दादा, यात आबांचा आवाज आहे. तो पंचायत समितीत द्यायचा आहे," ती म्हणाली.

काम मानधनाच्या अर्जाचं होतं. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांना राज्य सरकार महिन्याला ५,००० रुपये मानधन देतं. त्यासाठी कलेत किमान १५ वर्षं घालवल्याचा पुरावा लागतो. प्रमाणपत्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं, कार्यक्रमांच्या पत्रिका असं काहीतरी. आबांकडे यातलं काहीच नव्हतं. ज्यांनी त्यांना सुपारी दिली त्यांनी कधी पत्रिका छापली नाही. बिदागी मिळायची ती पायलीभर दादर ज्वारी, एखादं धोतर, नाहीतर आरतीच्या ताटातली चिल्लर. याची पावती कोण देणार?

आबा बोरी नदीकाठचे. दिवसा सालदारकी, रात्री वही. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: डफ, तुणतुणं आणि टाळ घेऊन गावची मंडळी रात्रभर कथा गातात, ती वही. आबा पोरवयात तमाशाच्या मागं बत्ती धरायला गेले, तिथं डफ शिकले आणि पुढं गावात स्वतःचं मंडळ उभं केलं. श्रावणात कानबाई, ही आमच्याकडची देवी, बसली की जागरणाची त्यांची गावं ठरलेली असत. शाळा दुसरीपर्यंत झालेली. कथा सगळ्या तोंडपाठ, आणि त्यांत मध्येमध्ये घालायची गाणी स्वतः जोडलेली.

ती कशी घालायची, हे त्यांनी मला दुकानातच करून दाखवलं. हरिश्चंद्राची कथा चालू आहे. तारामती रोहिदासाचं प्रेत घेऊन मसणात आली आहे आणि राजा तिच्याकडे कर मागतो आहे. आबा तिथं डफावरचा हात उचलायचे. सगळं गाव गप्प. मग तारामती बोलायला लागायची ती अहिराणीत, आणि बोलायची गावाचंच दुखणं. त्या वर्षी पाऊस किती झाला, कुणाचा बैल गेला, सावकारानं काय नेलं. पुराणातली राणी आणि समोर बसलेली बाई यांच्यात मग काही अंतर उरत नसे. आबा सांगत होते तेव्हा माझ्या काउंटरवर थाप पडत होती आणि बाहेर उभं असलेलं गिऱ्हाईक आत येऊन बसलं होतं. आबांना मी कवी म्हणतो, निवेदक म्हणतो आणि गायकही म्हणतो. त्यांच्यात या तिन्ही गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

१९७२च्या दुष्काळात आबा आणि त्यांची बायको दोघंही खडी फोडायला जात. रेशनवर मिलो ज्वारी यायची, कामावर खायला सुकडी मिळायची. त्या वर्षीच्या कानबाईला त्यांनी तारामतीच्या तोंडी हे घातलं:

कोरडी पडनी बोरी माय, पानी कथाईन भरू
खडी फोडी फोडी हातले फोड, भाकर कसी करू

ही ओळ ऐकली आणि माझे हात थांबले, कारण हे गाणं मला लहानपणापासून येतं. माझी आई ते आखाजीला झोक्यावर म्हणायची. आज हळदीत ते डीजेवर वाजतं. यूट्यूबवर त्याचा व्हिडिओ आहे आणि त्याच्याखाली गीतकार म्हणून लिहिलं आहे, पारंपरिक.

मी तसं म्हटलं तेव्हा आबा एवढंच बोलले, "ते गानं मनंच शे, भाऊ." म्हणजे ते गाणं माझंच आहे. चिडून नाही, तक्रार म्हणूनही नाही.

मला मात्र ते सहन झालं नाही. खडी फोडणाऱ्या बायकांनी ते गाणं कामावर उचललं, माहेरी नेलं, मुलींना दिलं. रचणाऱ्याला याहून मोठं यश कुठलं? आणि त्याच यशानं त्याचं नाव पुसलं. कायद्यानं रचनाकाराचा हक्क त्याच्या हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, नोंदणीचीही सक्ती नाही. पण रचना आपली हे दाखवता तर आलं पाहिजे. बहिणाबाई तरी कुठं लिहू शकत होत्या? त्यांच्या ओव्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावानं टिपून ठेवल्या म्हणून १९५१ साली त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी पुस्तक निघालं. तसं टिपून ठेवलं नसतं, तर आज जळगावकडच्या बाया त्याच ओळी पारंपरिक म्हणून गात असत्या. आबांच्या घरात टिपून घेणारं कुणी नव्हतं.

होता तो सुरतेच्या मिलमधला भाचा. सुट्टीला येताना त्यानं टेपरेकॉर्डर आणला होता आणि एका कानबाईच्या रात्री तो वहीसमोर ठेवून दिला होता. ती कॅसेट पिशवीत होती. फितीवर पांढरी बुरशी, आणि फीत हेडवर दाबून धरणारी छोटी गादी गळून गेलेली. मी कवचाचे स्क्रू काढले, दोन्ही चकत्या अलगद उचलून नव्या कवचात बसवल्या, हेड स्पिरिटनं पुसलं आणि टेप लावली.

आवाज आला तो बारीक, घाईघाईचा, पोरासारखा. आबांनी मान हलवली. "हाऊ मना आवाज नही."

नातीचा चेहरा उतरला. पण मला कारण कळलं होतं. त्या रात्री वीज नसणार, टेप सेलवर चाललेला. सेल उतरत गेले की फीत हळू सरकते, आणि हळू भरलेली फीत नेहमीच्या वेगानं वाजवली की आवाज चढतो. जशी रात्र सरली तसे सेल अजून उतरले, म्हणजे शेवटाकडे बिघाड जास्त. आणि आम्हाला हवा होता तो शेवटच. होनाजी बाळापासून पठ्ठे बापूरावांपर्यंत शाहिरांनी शेवटच्या ओळींत आपलं नाव गुंफलं, आबांनीही तेच केलं होतं. बायकांनी गाणं उचललं ते पहिली दोन कडवी. झोक्यावर परक्या माणसाचं नाव कोण गाणार?

टेप कॉम्प्युटरवर घेतली. किती उतरवायचं याला माझ्याकडे माप नव्हतं, माप आबांकडे होतं. मी त्यांना टेबलावर ठेका धरायला सांगितलं. डोळे मिटून त्यांनी तो धरला आणि मी वेग थोडा थोडा कमी करत गेलो. डफ अजून त्यांच्या बोटांच्या पुढं पळत होता. अजून कमी. अजून थोडा. बोटं आणि डफ एकत्र पडायला लागले तसे आबा ओरडले, "आते बराबर!"

पण दर कडव्याला पुन्हा तेच करावं लागलं, कारण वेग सारखा बदलत होता. दुपारचं जेवण राहिलं. शेवटचं कडवं तर इतकं चिरकं होतं की शब्दच लागत नव्हते. ते उतरवत उतरवत आणलं, आणि भरदार, घोगरा, चाळिशीतल्या माणसाचा आवाज स्पीकरमधून बाहेर आला. त्यात बोरीकाठच्या त्या गावाचं नाव होतं आणि आबांचं नाव होतं. गाणं संपल्यावर गलक्यात तोच आवाज कुणाला तरी सांगत होता, "हाई गानं मी बहात्तरना दुस्काळमा जोडेल शे."

नातीनं ते वाक्य पुन्हा लावायला लावलं, मग आणखी एकदा. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी पाणी मागितलं आणि दुसऱ्या कॅसेटकडे बोट दाखवलं.

पेनड्राइव्हसोबत मी गाण्याची पूर्ण संहिता टाइप करून दिली, शेवटच्या कडव्यासकट. कॅसेट कुठल्या स्थितीत आली, वेग का आणि कसा दुरुस्त केला, हेही एका कागदावर लिहून सही-शिक्का दिला. अर्ज समितीपुढे आहे, म्हणून इथं नाव देत नाही. व्हिडिओवाल्यांना नातीनं आवाजाची फाईल पाठवली. त्यांनी गीतकाराचं नाव बदलायचं कबूल केलं आहे, अजून बदललेलं नाही.

उरलेल्या कॅसेट माझ्याकडेच आहेत. त्यांचे पैसे मी घेणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. रविवारी आबा येतात, एकेक बाजू ऐकतात आणि कुठलं गाणं कुठल्या कथेत, कुठल्या गावात जोडलं ते सांगतात. नात वहीत लिहून घेते. शंका आली की ती टेप थांबवून विचारते, आणि आबा ते कडवं पुन्हा म्हणून दाखवतात.