कापड तुमचं, मजुरी आमची

पुण्यात जुन्या साड्यांच्या गोधड्या, दुपटी, पिशव्या, उशांचे अभ्रे करून देण्याचं आमचं छोटं काम आहे. "कापड तर आमचंच, मग एवढे पैसे कसले?" हे ऐकल्याशिवाय आमचा एक आठवडा जात नाही. विचारणाऱ्यांचा राग येत नाही. आपल्याकडे जुन्या कपड्याची किंमत बोहारीण ठरवायची. चार साड्यांवर एक पातेलं, तेही अर्धा तास घासाघीस करून. अशा घरात वाढलेल्या माणसाला जुन्या साडीच्या गोधडीसाठी हजारांतली मजुरी म्हणजे लूट वाटली तर नवल नाही.

सुरुवात फॉल-पिकोपासून झाली. घरचंच मशीन, घरचाच हॉल. फॉल लावायला आलेल्या बायका पिशवीतून एखादी विरलेली साडी काढायच्या आणि म्हणायच्या, "ही नेसवत नाही आणि टाकवतही नाही, हिचं काहीतरी करा ना." असं म्हणणाऱ्या वाढत गेल्या आणि फॉल-पिको मागे पडलं.

गोधडी मात्र मला येत नव्हती. उन्हाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून गोधड्या शिवून देणाऱ्या बायका पुण्यात अनेकांनी पाहिल्या असतील. त्यांच्यातल्याच दोन मावशींना आम्ही कामावर बोलावलं. त्या आखून घेत नाहीत, टेप लावत नाहीत. कापडाचे थर जमिनीवर अंथरायचे, तळहाताने सुरकुत्या बाहेर ढकलायच्या आणि कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं. मी सुरुवातीला खडूने रेघा मारून दिल्या, तर मोठ्या मावशी म्हणाल्या, "ताई, रेघ बघू का टाका बघू?" त्या पुसल्या, आजतागायत मारलेल्या नाहीत.

आता पैशांचं. शिवण्याला जेवढा वेळ लागतो तेवढाच, कधी जास्तही, त्याआधीच्या कामाला लागतो. साडी आली की आधी धुवायची. जुना लाल किंवा इरकली रंग सुटतोय का हे ओल्या पांढऱ्या फडक्याने बघायचं. मग फॉल उसवायचा. फॉल मशीनवर मारलेला असेल तर टाका टाका ब्लेडने कापावा लागतो आणि हात जरा घसरला की काठ गेला. नंतर साडी उजेडासमोर धरायची. सहावारी साडेपाच मीटर असते, पण ती सगळी सारखी झिजत नाही. खाली पायाशी आणि मागे बसण्याच्या जागी ती जाते. आतला, कमरेला खोचलेला पहिला वेढा मात्र शाबूत असतो, आणि उजेड न लागल्यामुळे त्याचा रंगही मूळचा राहिलेला असतो. कितीतरी गिऱ्हाइकांनी आपल्या आईच्या साडीचा खरा रंग आमच्या टेबलावर पहिल्यांदा पाहिलाय. नऊवारीत कासोट्याचा भाग आधी विरतो, पण आठ मीटरच्या वर कापड असल्याने उरतंही भरपूर. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती नऊवारीसारखं बाळाच्या दुपट्याला दुसरं कापड नाही. नवं कापड कितीही महाग आणलं तरी तो मऊपणा विकत मिळत नाही.

रेशमाची गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीवर फुटतं. अंगठ्याने हलकं ताणलं की चर्र आवाज येतो. अशा साडीची पिशवी करा म्हटलं तर मी नाही म्हणते, कारण अस्तर लावूनही ती वर्षभर टिकणार नाही. काठ तेवढा वेगळा काढून चौकटीत किंवा जॅकेटच्या पट्टीला लावून देतो. जुन्या खऱ्या जरीच्या साड्या विकत घेऊन, जाळून त्यातली चांदी काढणारे आजही फिरतात, त्यामुळे काठ तोडून द्यायच्या आधी गिऱ्हाइकाला तसं सांगून ठेवते.

उलट प्रकारही येतो. धडधाकट पैठणी घेऊन मुली येतात, "लेहंगा करून द्या." पदरावरचे मोर जागच्या जागी, एक धागा हललेला नाही. मी सांगते, नेसा. नाहीतर बहिणीला द्या. कुठे जरीचा धागा उसवला असेल तर रफूवाल्याकडे जा. धंद्याच्या दृष्टीने हे वेडेपण आहे असं आमच्याकडे हिशेब बघणाऱ्या भाच्याचं मत आहे. पण चांगलं कापड कापून त्याला पर्यावरणाचं नाव देणं मला पटत नाही. साडीचा उत्तम पुनर्वापर म्हणजे ती नेसणं. आमचा नंबर त्यानंतर.

प्रदर्शनांत शेजारच्या स्टॉलवर हमखास एक पाटी असते: एका सुती टी-शर्टमागे 2,700 लिटर पाणी. ती वाचून कोणी गोधडी घेतल्याचं मी पाहिलेलं नाही. लोक आजीसाठी येतात. पाणी वाचतं ते आपसूक. न्यू जर्सीला राहणारी लेक आईकडून साड्या पाठवते आणि तयार गोधडी सुटकेसमधून घेऊन जाते, कारण कुरियरचा खर्च मजुरीच्या वर जातो.

2020च्या लॉकडाऊनमध्ये उरलेल्या सुती तुकड्यांचे मास्क शिवले, त्यावर काही महिने निघाले.

वडिलांचे शर्ट हे काम त्यानंतर वाढलं. शर्टाची कॉलर आणि बाह्यांची टोकं झिजतात, पाठ धड असते. पुढची बटणपट्टी तशीच ठेवून अभ्रा शिवला की चेन लावावी लागत नाही, बटणं काढून उशी बाहेर. खिसाही ठेवतो. त्यात नातवंडं काय काय कोंबतात ते त्यांनाच माहीत.

जॉर्जेट आणि पॉलिस्टरचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. हल्ली येणाऱ्या साड्यांत त्याच जास्त. गोधडीत ते कापड सरकतं, घाम टिपत नाही, इस्त्री जरा तापली की आकसतं. बाजाराच्या पिशव्या होतात, पण घराघराने पिशव्या तरी किती घ्यायच्या? पानिपतला जुन्या कपड्यांचा धागा काढून घोंगड्या करणारे मोठे कारखाने आहेत, पण आमच्या मिश्र चिंध्यांची पोती तिथवर पाठवणं परवडत नाही. चिंध्या आसनांच्या पोटात भरतो. तरी उरतातच.

सध्या टेबलावर सत्काराच्या शालींचा ढीग आहे. निवृत्त मुख्याध्यापक, नगरसेवक, कीर्तनकार, सगळ्यांच्या कपाटात त्या असतात. थंडीला पुरत नाहीत आणि मानाच्या म्हणून देऊनही टाकता येत नाहीत. सुती अस्तर लावून त्यांची बिनबाह्यांची जाकिटं करतोय. पहिली जाकिटं एका भजनी मंडळाने नेली. आता त्यांना उरलेल्या सभासदांसाठी त्याच रंगाची हवी आहेत, आणि तेवढ्या केशरी शाली एका घरात मिळत नाहीत. कोणाच्या माळ्यावर असतील तर कळवा.