भरल्या उजनीवर काय हुकतं: भिगवण–कडबनवाडीची जानेवारी फेरी

रोहित (फ्लेमिंगो), धाविक (कोर्सर) आणि पखुर्डी (सँडग्राउझ). उजनी धरणाच्या भिगवणकडच्या काठाची आणि कडबनवाडीच्या माळरानाची जानेवारीतली ही शनिवार-रविवारची फेरी या तीन पक्ष्यांसाठी आखली होती आणि तिघांनीही हुलकावणी दिली. रोहितांचा एक छोटा थवा फार लांबवर उभा होता, पखुर्ड्यांचा नुसता आवाज डोक्यावरून गेला, धाविक तर दिसलाच नाही. वर्षाची पक्षीयादी पुरी करायला निघालेल्या बऱ्याच जणांचे नेमके हेच पक्षी राहतात आणि मग नशिबाला बोल लावला जातो. खरं कारण तिघांचंही एकच आहे: पाऊस चांगला झाला.

आधी रोहित. तो चोच उलटी धरून, डोकं पाण्यात घालून गाळातलं अन्न गाळून खातो. त्यासाठी त्याला पाय टेकतील एवढं उथळ पाणी आणि खाली चिखल लागतो. उजनीचा जलाशय विस्तीर्ण, काठ सपाट. पाणी थोडं उतरलं तरी कित्येक एकर गाळ उघडा पडतो आणि थोडं चढलं तरी तेवढाच बुडतो. धरण काठोकाठ असेल तर पाणी थेट बाभळींच्या बुंध्याला आणि उसाच्या बांधाला लागलेलं असतं. अशा वेळी रोहिताला उभं राहायलाच जागा नसते, मग महिना कुठलाही असो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ्यात होती आणि त्याच ऑगस्टमध्ये ती पूर्ण भरली. त्यामुळे ‘मागच्या वर्षी याच तारखेला दिसले होते’ हा हिशेब इथे चालत नाही.

निघण्यापूर्वी धरणाची टक्केवारी बघा. वर्तमानपत्रात रोज येते. ती वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायची: टक्केवारी उपयुक्त साठ्याची, म्हणजे सुमारे ५३.५७ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) असते. त्याच्या खाली ६३.६६ टीएमसी मृतसाठा असतोच. शून्य टक्के म्हणजे कोरडं धरण नव्हे, तर रोहितांची चंगळ. जानेवारीत आकडा नव्वदीच्या घरात असेल तर रोहितांसाठी मुद्दाम गाडी काढू नये. त्याहून पक्की खूण हवी असेल तर नावाड्याला फोन करून विचारा, ‘गाळपेर सुरू झाली का?’ पाणी ओसरलेल्या गाळात शेतकरी पेरायला उतरले, की पलीकडच्या ओल्या पट्ट्यात रोहित उतरलेच म्हणून समजा. नुसतं ‘पक्षी आलेत का?’ असं विचारलं तर उत्तर बहुधा ‘या की!’ असंच मिळतं.

पुण्याहून भिगवण सोलापूर हायवेने साधारण शंभर किलोमीटर आहे. रेल्वेनेही जाता येतं, पण स्टेशनवरून पुढची गाडी आधी ठरवून ठेवा. बोटी कुंभारगाव आणि डिकसळ, दोन्हीकडून मिळतात. कुंभारगावात मुक्काम केला तर पहाटेची धावपळ वाचते आणि रात्री चिलापीचं कालवण मिळतं. बोट माणशी ठरवू नका, पूर्ण बोटीचं आणि तासांचं बोलून घ्या. जानेवारीत सूर्योदय सातच्या सुमारास होतो, तेव्हा साडेसहाला काठावर हजर राहा. दहानंतर वारा सुटतो, बोट हलते, प्रकाश पांढरा पडतो. टेलिस्कोप बोटीत निरुपयोगी आहे, तो काठावरून वापरायचा. बोटीसाठी ८×४२ दुर्बीण पुरते.

लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे आवळल्याशिवाय बोट सोडू देऊ नका. मे २०२४ मध्ये कुगाव–कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून याच जलाशयात सहा जणांचा जीव गेला. उन्हाळ्यात रोहितांसाठी येणाऱ्यांनी दुपारनंतर पाण्यात उतरूच नये.

थवा दिसला की इंजिन लांबूनच बंद करायला सांगा आणि पुढे वल्ह्याने किंवा बांबूने जा. खाली असलेल्या माना एकेक करून वर येऊ लागल्या आणि सगळा थवा एकाच दिशेला चालू लागला, की तिथेच थांबायचं. आणखी दहा मीटर पुढे गेलात तर तो उडणार. उडत्या रोहिताचे गुलाबी-काळे पंख फोटोत छान येतात म्हणून नावाड्याला जादा पैसे देऊन थवा उठवायला लावणारे लोक आहेत. त्याची किंमत त्या पक्ष्यांना भुकेल्या पोटी मोजावी लागते आणि मागून येणाऱ्या बोटीला मोकळं पाणी मिळतं. असं करू नका, नावाड्यालाही करू देऊ नका.

भरल्या पाण्यावर या वेळी मिळाले ते चक्रवाक, थापट्या, नदी सुरय, लाकडी खांबावर मासा फाडत बसलेला ऑस्प्रे आणि पट्टकादंबांचा, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेल्या हंसांचा, चांगला थवा. पट्टकादंब रात्री शेतात चरतात आणि दिवसा काठावर विसावतात. त्यांच्या मानेकडे नीट बघा. मंगोलियात काहींच्या गळ्यात अक्षरं-आकडे असलेले पट्टे घातले आहेत आणि असे पक्षी आपल्याकडे दिसलेले आहेत. रंग, अक्षरं, वेळ, जागा लिहून घ्या, फोटो काढा आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा.

दुपारनंतर कडबनवाडीचं माळरान. पुणे वनविभागाच्या गवताळ सफारीची नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते, सोबत स्थानिक गाईड असतो. गाडीतून उतरायचं नाही, वाट सोडायची नाही.

धाविक इथे का दिसला नाही, हे गवत बघितल्यावरच कळतं. त्याला धावायला उघडी, खडकाळ, चरलेली जमीन लागते. चांगल्या पावसाच्या वर्षी जानेवारीतही गवत गुडघाभर उभं असतं आणि तो राखीव माळावरून बाहेरच्या गायरानावर, नांगरून टाकलेल्या किंवा पडीक रानात सरकतो. अशा वर्षी गावाजवळची मेंढ्यांनी चरलेली जमीन धुंडाळा, पण रानमालकाला विचारून. सकाळी साडेनऊच्या आतच, कारण पुढे जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि प्रत्येक ढेकूळ धाविक वाटतं. माळटिटवीशी गल्लत होते. धाविकाचा माथा तांबूस, डोळ्यातून काळी रेघ, वर पांढरी भुवई आणि पाय पांढुरके. तुरुतुरु धावायचं, एकदम ताठ उभं राहायचं, ही त्याची चाल लांबूनही ओळखू येते.

पखुर्डीची गोष्ट पाण्याची आहे. ती सुकं बी खाते, त्यामुळे पाणी प्यायला रोज यावंच लागतं, सूर्योदयानंतर दोन-तीन तासांनी. उन्हाळ्यात एकच पाणवठा उरलेला असेल तर थवेच्या थवे तिथे उतरतात. जानेवारीत ओढ्याला, शेततळ्याला, खड्ड्याला सगळीकडे पाणी असताना कुठल्या काठावर बसणार? मार्च उजाडू द्या. मग आठच्या आत गाडी पाणवठ्यापासून पन्नासेक मीटरवर लावून इंजिन बंद करून बसा. पाण्याला अगदी खेटून बसलात तर त्या वरच्या वर घिरट्या घालून तहानलेल्याच परत जातात.

त्याच उंच गवताने हॅरियर (भोवत्या) हे शिकारी पक्षी मात्र भरभरून दिले. नाकतोडे मुबलक आणि रात्री जमिनीवर बसायला आडोसा. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी माँटेग्यू आणि पॅलिड या दोन जातींचे हॅरियर एकेक करून गवतालगत तरंगत येऊ लागतात. माद्या आणि पहिल्या वर्षाचे पक्षी ओळखताना घाई नको. मानेमागचा फिकट कॉलर स्पष्ट दिसला नाही तर ‘माँटेग्यू किंवा पॅलिड’ एवढंच नोंदवा.

एकाच फेरीत सगळं साधायचं असेल तर भरल्या वर्षी फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचा पहिला पंधरवडा धरा. तोवर पाणी उतरू लागतं, गवत खाली बसतं आणि बदकं, पट्टकादंब अजून निघालेले नसतात. एप्रिलमध्ये रोहित-पखुर्डी हमखास, पण हिवाळी पाहुणे गेलेले. कमी पावसाच्या वर्षी हे सगळं दीड-दोन महिने अलीकडे येतं. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक मात्र या फेरीला जोडू नका, तिथलं दर्शन आता फार दुर्मिळ आहे.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना दिसलेले सगळे पक्षी नोंदवून ती ‘पूर्ण’ म्हणून द्या, म्हणजे न दिसलेल्या धाविकाचीही नोंद आपोआप होते. शेऱ्यात त्या दिवशीची उजनीची टक्केवारी आणि गवताची उंची लिहा. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. एखाद्या वर्षी रोहितांचा आकडा कोसळलेला दिसला तर पक्षी घटले की पाणी चढलं होतं, हे या शेऱ्यावरूनच सांगता येतं.