रूपकुंड आणि बिल्डिंगचे जिने

2017 ची गोष्ट, उत्तराखंडातल्या रूपकुंड तळ्याच्या ट्रेकची, बुग्यालात म्हणजे तिथल्या उंचावरच्या कुरणांत तंबू ठोकायला बंदी यायच्या आधीची. प्रॅक्टिस म्हणून रोज रात्री दादरच्या आमच्या बिल्डिंगचे सात मजले सॅक घेऊन चढायचो, वॉचमनला वाटायचं घरात भांडण झालंय. पण कुंड 5,000 मीटरच्या आसपास, तिथे आमचे जिने काय कामाचे! भगवाबासा या शेवटच्या कॅम्पच्या पुढे दहा पावलं टाकली की थांबा, डोकं ठणकतंय, बुटाची लेस सुटलेली दिसतेय पण वाकायची हिंमत नाही. आणि कुंड? एवढंसं डबकं, खरंच, पवई तलावापुढे काहीच नाही. पण काठावर माणसांची हाडं! त्यातले काहीजण भूमध्य समुद्राकडचे, साधारण 1800 च्या सुमाराचे, असं 2019 मध्ये डीएनएवरून कळलं, तेवढ्या लांबून इथे कशाला कडमडले देव जाणे. एका कवटीत बर्फ वितळून पाणी साचलेलं, तेच बघत बसलो तर गाईड ओरडला, साहेब चला, ढग येतायत.