नाकावाटे काढलेली मेंदूतली गाठ

समोरचं बारीक अक्षरही मला वाचता यायचं, पण स्कूटरवर असताना बाजूने येणारी रिक्षा अगदी अंगावर आल्यावरच दिसायची. नंबर तपासून काही सापडलं नाही. शेवटी नेत्रतज्ज्ञांनी फील्ड टेस्ट करायला लावली: नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायची, कुठेही उजेड चमकला की बटण दाबायचं. कागदावर दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजू काळ्या उमटल्या. एमआरआयमध्ये कारण दिसलं. पिट्युटरी ग्रंथीची (मेंदूच्या तळाशी असलेली, संप्रेरकं म्हणजे हार्मोन्स तयार करणारी छोटी ग्रंथी) २४ मिलिमीटरची गाठ वाढून डोळ्यांच्या नसांवर दाब देत होती.

ब्रेन ट्यूमर म्हटल्यावर घरात रडारड झाली. या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात, हे डॉक्टरांनी समजावल्यावर जरा धीर आला. त्यांनी आधी रक्तातलं प्रोलॅक्टिन, म्हणजे याच ग्रंथीतून येणारं एक हार्मोन, तपासलं. ते खूप वाढलेलं असेल तर गाठ बहुधा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आकसते, ऑपरेशन लागत नाही. म्हणून हा रिपोर्ट हातात आल्याशिवाय कुणी तारीख ठरवू नये, असं मी कळकळीने सांगेन. माझं प्रोलॅक्टिन तेवढं नव्हतं.

ऑपरेशनला ईएनटी सर्जन आणि न्यूरोसर्जन दोघंही होते. नाकपुडीतून दुर्बीण घालून, नाकामागच्या हाडातल्या पोकळीतून (स्फेनॉइड सायनस) वाट काढत ते गाठीपर्यंत पोचले. कवटी उघडावी लागली नाही. गाठ काढल्यावर मांडीतली थोडी चरबी घेऊन ती जागा बुजवली.

खरी कसोटी नंतरची. नाक बंद, तोंडाने श्वास, घशाला कोरड. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. नाकातून पाणी गळायला लागलं तर लगेच कळवायचं, कारण ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं आणि त्यातून मेनिंजायटिसचा, म्हणजे मेंदूच्या आवरणाला संसर्ग होण्याचा, धोका असतो.

आणि लघवी! प्रत्येक वेळची मापात मोजायची. प्यायलेलं पाणीही आई वहीत टिपायची. ग्रंथी दुखावली की शरीरात पाणी टिकत नाही, लघवी भरमसाट होते. उलट, आठवड्याभराने रक्तातलं सोडियम उतरू शकतं. घरी आल्यावर मला मळमळ सुरू झाली. गोळ्यांमुळे होत असेल, असं सगळ्यांना वाटलं. आईने मात्र रक्त तपासायला नेलंच. सोडियम खाली आलं होतं. पाणी मोजून प्यायला लावलं, तेव्हा सावरलं.

बाजूचं आता बरंच दिसतं. हायड्रोकॉर्टिझोन, म्हणजे शरीरात कमी पडणाऱ्या हार्मोनची भरपाई करणारं औषध, अजून चालू आहे. ताप आला तर त्याचा डोस वाढवावा लागतो, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी पर्समध्येच असते.