गोमुखला जाऊन आले: परवान्यापासून हिमनदीपर्यंत माझा अनुभव

हिमनदी बघायची म्हणजे आइसलँड नाहीतर स्वित्झर्लंड, असं आमच्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. पण व्हिसा-बिसा काही न लागता आपल्याच देशात पायी जाऊन बघता येईल अशी मोठी हिमनदी म्हणजे गंगोत्री, जवळजवळ 30 किमी लांब, आणि तिच्या तोंडातून, म्हणजे गोमुखातून, भागीरथी बाहेर पडते. मी आणि माझा मावसभाऊ नाशिकहून जूनच्या सुरुवातीला जाऊन आलो, बरेच जण विचारतायत म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी परवान्याचं. चारधामची नोंदणी वेगळी आणि गोमुखचा परवाना वेगळा, हे नीट लक्षात ठेवा. गोमुख गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात येतं आणि दिवसाला 150 लोकांनाच आत सोडतात, त्यामुळे सीझनमध्ये ऐनवेळी पोचून मिळेल या भरवशावर राहू नका. आम्ही उत्तरकाशीला मुद्दाम मुक्काम केला, वनविभागाच्या ऑफिसात सकाळीच जाऊन उभे राहिलो, ओळखपत्राच्या झेरॉक्स आणि फोटो सोबत होते, काम झालं. उत्तरकाशीहून गंगोत्री गाव साधारण 100 किमी, शेअर जीप मिळते, रस्ता घाटाचा आणि दरडींचा आहे त्यामुळे वेळेचा हिशोब सैल ठेवा.

गंगोत्री 3,100 मीटरच्या आसपास आहे. पोचल्या पोचल्या वर निघायचं नाही, एक दिवस तिथेच काढायचा, हे मी सगळ्यांना सांगते. त्या दिवशी आम्ही सूर्यकुंडाशी जाऊन बसलो, तिथे अख्खी नदी खडकाच्या अरुंद घळीतून खाली कोसळते. सकाळी आवाज होता तो संध्याकाळी कितीतरी वाढला आणि पाऊस तर थेंबभर नव्हता. मी गोदावरीच्या गावची, आमच्या डोक्यात पूर म्हणजे पाऊस आणि मे महिना म्हणजे कोरडं पात्र. इथे उलटं, ऊन तापलं की वरचा बर्फ वितळतो आणि पाणी वाढतं, आणि ते पाणी वरून खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होते. पुढचा सगळा प्रवास आम्ही याच हिशोबाने आखला आणि माझ्या मते या ट्रेकमध्ये समजून घ्यायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

गंगोत्री ते गोमुख साधारण 18 किमी. पहाटे निघालो. कनखू चौकीवर परवाना तपासतात आणि सॅकमधलं प्लास्टिक, बाटल्या, बिस्किटांचे पुडे, सगळं मोजून लिहून घेतात, डिपॉझिट ठेवून घेतात आणि परत येताना तेवढं सगळं दाखवलं की ते परत देतात. मला ही पद्धत फार आवडली, आपल्या सह्याद्रीतल्या प्रत्येक किल्ल्यावर हे व्हायला हवं असं मनापासून वाटतं. चौकीवरचे वनरक्षक म्हणाले, "दोपहर से पहले निकल जाना, बाद में नाले बढ़ जाते हैं." वाटेत वरून येणारे ओढे आहेत, त्यांच्यावर लाकडी फळ्या टाकलेल्या असतात, सकाळी आम्ही आरामात पार झालो आणि आमच्यामागून दुपारी उशिरा आलेला एक ग्रुप गुडघाभर पाण्यातून एकमेकांचे हात धरून आला, तेही बर्फाचं पाणी.

चीडबासा 9 किमीवर, तिथे चहा मिळाला. नंतर झाडं संपत जातात, आणि भोजबासाच्या अलीकडे एक पट्टा असा आहे की वरच्या उतारावरून दगड सुटतात, तिथे फोटोसाठी थांबू नये, वर नजर ठेवून चालत राहायचं. तिथेच पलीकडच्या उतारावर भरल, म्हणजे हिमालयातली रानमेंढरं, चरताना दिसले. भोजबासाला मुक्काम, 3,800 मीटरच्या आसपास. भावाचं डोकं दुखत होतं, भरपूर पाणी प्यायला, जेवला आणि लवकर झोपला, सकाळी ठीक होता, नसता तर आम्ही सरळ खाली उतरलो असतो हे आधीच ठरलेलं.

तिथून गोमुख 4-5 किमी, समोर भागीरथी शिखरं आणि बाजूला शिवलिंग शिखर, 6,543 मीटर. आणि हिमनदी? पांढरीशुभ्र भिंत डोक्यात असेल तर ती काढून टाका. वरून दगडमातीचा थर, राखाडी-काळपट, फक्त जिथे ताजा तुकडा पडलाय तिथे आतला निळसर बर्फ दिसतो. पाणी सिमेंट कालवल्यासारखं. हिमनदी सरकताना खालचा खडक दळत जाते, त्याची ही पूड. आम्ही पेल्यात पाणी घेऊन ठेवलं तर तळाशी बारीक थर बसला. मला हे चित्रातल्या बर्फापेक्षा कितीतरी जास्त भावलं, डोंगर दळून मैदानात नेण्याचं काम चालू आहे आणि आपण त्याच्या तोंडाशी उभे आहोत.

अगदी जवळ मात्र जाऊ नका, तोंडाचे मोठे तुकडे अचानक कोसळतात, 2016 मध्ये तसंच झालं होतं. ही हिमनदी मागेही सरकतेय, 1935 ते 1996 या काळात वर्षाला सरासरी 19 मीटरच्या आसपास, म्हणजे माझ्या आजीच्या वयाच्या कुणी बघितलेलं गोमुख आम्ही उभे होतो त्याच्या बरंच खाली होतं. हे वाचून माहीत होतं तरी तिथे उभं राहून फार वाईट वाटलं.

जाताना आम्ही गंगोत्रीच्या रस्त्यावरच्या धराली गावात जेवलो होतो. 5 ऑगस्ट 2025 ला खीरगंगा नावाच्या ओढ्याच्या लोंढ्याने ते गाव उद्ध्वस्त झालं, महाराष्ट्रातलेही बरेच लोक तेव्हा तिकडे अडकले होते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये जाऊच नका. मे-जूनमध्ये पाण्याचा जोर बघायला मिळतो, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये आकाश स्वच्छ पण थंडी कडक. आईवडिलांना न्यायचं असेल तर गंगोत्री आणि सूर्यकुंडापर्यंत न्या, वरती फक्त ज्यांचा चालायचा सराव आहे त्यांनीच जा, आणि भोजबासाची राहायची सोय परवान्याच्या तारखेशी जुळवूनच बुक करा.