आमची वाटचाल : आधी मॅच, मग सिंह

आमच्या कोल्हापूरच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसच्या भिंतीवर दोन वस्तू टांगल्यात. एक 8 बाय 42 ची दुर्बीण, डाव्या डोळ्याचं रबर निघालेली. दुसरा लॅमिनेट केलेला कागद : एका बाजूला मॅचच्या वेळा, दुसऱ्या बाजूला दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर अभयारण्याच्या गेटांच्या. 'सफारी आणि फुटबॉल एकत्र, महाराष्ट्रात प्रथमच' अशी एका मोठ्या कंपनीची जाहिरात गेल्या वर्षी पेपरात आली, तेव्हा मी तो कागद खाली काढून पुसला आणि परत टांगला. त्यावरची तारीख जून 2010 ची आहे. बाकी काही बोललो नाही. (बायकोच्या मते दोन दिवस दुसरं काहीच बोललो नाही.)

सुरुवात 1998 ला, एका टेम्पो ट्रॅव्हलरवर. अष्टविनायक, गणपतीपुळे, आणि मोठी मॅच असली की मडगावला फातोर्डा स्टेडियमची फेरी. कोल्हापूरच्या पेठांत माणूस कर्ज काढेल पण मॅच चुकवणार नाही, त्यामुळे गाडी रिकामी कधी गेली नाही. आबा तेव्हापासूनचे. तालमीच्या फुटबॉल संघाचे जुने गोलकीपर, उजव्या हाताचं एक बोट वाकडं, गाडीत कायम ड्रायव्हरच्या मागची खिडकी. 2010 चा वर्ल्डकप दक्षिण आफ्रिकेत म्हटल्यावर तेच म्हणाले, "आर्जेंटिना बघू. आन् तिथवर गेलोयच तर वाघ-सिंह बी बघू." वाघ तिथं नसतो, हे मी त्यांना विमानात बसल्यावर सांगितलं.

रूट मी स्वतः आखला, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. 17 जूनला जोहान्सबर्गच्या सॉकर सिटीत आर्जेंटिना–कोरिया. 20 ला नेल्सप्रुटमध्ये इटली–न्यूझीलंड. 22 ला पोलोक्वानेत आर्जेंटिना–ग्रीस. नेल्सप्रुट क्रूगरच्या दक्षिण टोकाशी, आणि उत्तरेच्या फालाबोर्वा गेटातून बाहेर पडलं की त्झानीनवरून पोलोक्वाने. म्हणजे जंगल हाच दोन स्टेडियममधला रस्ता! बाकीचे सगळे जोहान्सबर्गला मुक्काम ठोकून जा-ये करत होते. त्यात जून म्हणजे तिकडं हिवाळा : गवत वाळलेलं, जनावर पाणवठ्यावर येणारच.

तिकिटं मी ऑनलाइन सोडतीत अर्ज टाकून प्रवाशांच्या नावावर काढली होती, ती हातात होती. खोल्या आणि दोन क्वांटम गाड्या (टोयोटाच्या मिनीबस) जोहान्सबर्गच्या एका डीएमसीकडे, म्हणजे तिथली व्यवस्था बघणाऱ्या स्थानिक एजंटकडे. 22 प्रवासी, 9 लाख ॲडव्हान्स. मेच्या पहिल्या आठवड्यात बुकिंगची व्हाउचर यायची होती. आली नाहीत. मग फोन लागेना. मग मेल परत यायला लागले. नाव लिहीत नाही, वकिलानं मनाई केलीय, पण त्या गृहस्थांनी आमच्या खोल्या दुप्पट भावानं दुसऱ्यांना विकल्या हे मला नंतर तिथल्याच एका ड्रायव्हरनं सांगितलं. त्याच आठवड्यात आमच्याच गल्लीतल्या एका व्यावसायिकानं माझ्या सहा प्रवाशांना फोन करून 'ते बुडाले' असं कळवलं. चौघांनी पैसे परत मागितले. मी दिले. टेम्पो ट्रॅव्हलर विकून दिले.

आबा एका दुपारी ऑफिसात आले. चहा घेतला, प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. तालमीच्या भिशीचे पैसे होते.

"आबा, हे परत कधी देईन सांगता येत नाही."

"इचारलंय का मी? पोरांनी रजा टाकल्यात. तिकिटं फाडून खायचीत का?"

आणि मग नशीब फिरलं. परदेशी पाहुणे साडेचार लाख येतील असा अंदाज होता, शेवटी आले सुमारे 3 लाख 10 हजार. अडवून ठेवलेल्या खोल्या बाजारात परत यायला लागल्या. रात्री दोन-दोनला बसून व्हाइट रिव्हरचं एक गेस्टहाउस आणि क्रूगरमधल्या सातारा कॅम्पच्या रद्द झालेल्या झोपड्या मी थेट धरल्या. हो, सातारा! आबांनी पाटीखाली उभं राहून फोटो काढून घेतला.

इथं धंद्यातल्या नव्या मुलांना सांगतो, मॅचच्या रात्रीचा मुक्काम पार्कच्या आत कधीही धरू नका. जूनमध्ये क्रूगरचं गेट संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. इटलीची मॅच चारला सुरू झाली, म्हणजे संपेपर्यंत गेट बंदच. आत गाडी 50 च्या वर नेता येत नाही, आणि हत्ती आडवा आला की तुमचं टाइमटेबल तो ठरवतो. मॅचची वेळ पक्की असते, सिंहाची नसते. म्हणून टूरच्या कार्यक्रमात आधी मॅच छापा, मग सिंह. पहाटेच्या उघड्या जीपला सोलापुरी चादर न्या, जॅकेटच्या भरवशावर राहू नका. भडंग सीलबंदच.

आम्हाला हत्ती 21 ला भेटला. चाळीस मिनिटं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, हत्ती झाडाची साल सोलत बसला, आणि मागच्या सीटवर मेस्सीला मागं खेळवावं की पुढं यावर आमच्या लोकांचा कुजबुजत वाद. आबांनी दुर्बीण उलटी धरून हत्तीकडं पाहिलं. "आता जरा बरं वाटतंय," म्हणाले. रबर तेव्हाच निघालं.

दुसऱ्या दिवशी पोलोक्वानेत मेस्सी पहिल्यांदा आर्जेंटिनाचा कॅप्टन म्हणून उतरला. 2-0. दोन्ही गोल शेवटच्या पंधरा मिनिटांत, आणि दुसरा पालेर्मोचा. आबा ओरडले नाहीत. वाकडं बोट वर करून बसले.

भिशी दोन वर्षांत फेडली. त्यानंतर धंदा नीट चालला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता 2027 चा आफ्रिकन कप केनिया, टांझानिया आणि युगांडात आहे. टांझानियातल्या अरुशात त्यासाठी 30 हजार प्रेक्षकांचं स्टेडियम बांधतायत, आणि अरुशा म्हणजे सेरेंगेटी-न्गोरोंगोरो अभयारण्यांचा उंबरठा. नवा कागद करायला घेतलाय. यलो फीव्हरची लस किमान दहा दिवस आधी, हे यावेळी लाल अक्षरात. डीएमसीला ॲडव्हान्स दोन हप्त्यांत. आबांची खिडकीची सीट त्यांच्या नातवानं मागितलीय.